कुत्र्याची जागा कुठे: अंगणात की घरात?

प्रश्न थोडक्यात असा. कोरेगावच्या बाजूला नवा बंगला, भोवती पाच-सहा गुंठे मोकळी जागा, तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणि घरात चार वर्षांची मुलगी. सासूबाईंचं म्हणणं, घरात देवघर आहे, कुत्रं उंबऱ्याच्या आत नको. मिस्टरांनी गेटजवळ पत्र्याचं केनेल करायला टाकलंय, कारण घरात वाढलेलं कुत्रं राखण करत नाही असं त्यांना मित्रांनी सांगितलंय. आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंना पिल्लाचं रात्रीचं रडणं ऐकवत नाही. तर कुत्रा बाहेर ठेवावा की आत?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. दिवसा अंगण, रात्री घर. साखळी लागलीच तर गवंडी-प्लंबर कामाला आले असताना घटकाभर, एरवी नाही. आणि पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत रात्री बाहेर ठेवण्याचा विषयच काढू नका.

साताऱ्यात मी गाई-म्हशीही तपासतो आणि कुत्री-मांजरंही. त्यामुळे "आमच्याकडे गावाला कुत्री कायम बाहेरच असायची, त्यांना काय झालं?" हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. वाक्य खरं आहे, पण अर्धंच. जुन्या घरात कुत्रं पडवीत किंवा ओट्याच्या पायरीला झोपायचं, आणि त्याच ओट्यावर आजोबाही घोंगडी टाकून झोपायचे. पलीकडे गोठ्यात गडी असायचा. पहाटे चारला कुणीतरी वैरण टाकायला उठायचं. म्हणजे कुत्रं घराबाहेर होतं, पण माणसाबाहेर नव्हतं. धनगराचं कुत्रं बघा, त्याला छप्परच नसतं. पण चोवीस तासांत धनगर आणि मेंढरं त्याच्या नजरेआड होत नाहीत. आता तुमच्या बंगल्यात रात्री साडेनऊला ग्रिलचं दार लागतं, मग लाकडी दार लागतं, एसी सुरू होतो, आणि गेटजवळच्या केनेलपासून सगळ्यात जवळचं माणूस दोन भिंती आणि तीस फूट लांब असतं. ही व्यवस्था आजोबांच्या काळात नव्हती. ती बंगल्यांबरोबर आली, आणि आपण तिला उगाच परंपरा म्हणतो.

कुत्रा कळपातला प्राणी आहे. आईपासून तोडून आणलेलं पिल्लू तुमच्या घरालाच कळप धरतं. त्याला रात्री एकटं बाहेर ठेवलं की ते रडतं, आणि ते रडणं हट्टाचं नसतं. ते कळपाला हाक मारत असतं. काही दिवसांनी ते रडायचं थांबतं. लोक म्हणतात, "बघा, सवय झाली." झालेली असते, पण कसली? हाक मारून कुणी येत नाही याची. अशी कुत्री पुढे माझ्याकडे दोन प्रकारांनी येतात. एक तर कुणालाही हात लावू देत नाहीत, नाहीतर माणूस दिसला की आनंदाने वेडीपिशी होऊन अंगावर झेपावतात, आणि मग "हे फार दंगा करतं" म्हणून आणखी आखूड बांधली जातात.

मिस्टरांच्या मुद्द्यावर जरा जास्त लिहितो, कारण बहुतेक घरांत निर्णय तिथेच अडतो. राखण म्हणजे काय? वेगळा आवाज झाला की घरातल्या माणसाला उठवणं. गेटला बांधलेलं कुत्रं रात्रभर मांजरावर भुंकतं, घुशीवर भुंकतं, रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरवर भुंकतं. पंधरा दिवसांत घरातले त्या भुंकण्यावर कूस बदलून झोपायला शिकतात, आणि शेजारी वैतागतात ते वेगळंच. हॉलमध्ये दाराशी झोपलेलं कुत्रं रोजच्या आवाजांना फक्त कान टवकारतं. कंपाउंडवरून कुणी उडी टाकली तर मात्र ओरडतं, आणि ते घरात घुमतं, त्यामुळे सगळे उठतात. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. बंद दाराआडून त्याला ऐकू येत नसेल ही भीती सोडा.

शिवाय चोर गेटवरच्या कुत्र्याचा बंदोबस्त आधी करतो. आमच्या भागात त्याची जुनी पद्धत म्हणजे मटणाच्या तुकड्यात किंवा भाकरीत थायमेटसारखं शेतातलं विष. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगभर थरथर, अशा अवस्थेत पहाटे आलेली कुत्री मी पाहिली आहेत. वेळेत अॅट्रोपीन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, मिळालं तर वाचतात. घराच्या आत झोपलेल्या कुत्र्यापर्यंत तो तुकडा पोहोचतच नाही.

आणि बांधलेलं कुत्रं चावतं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावलेली आणि न चावलेली कुत्री यांची तुलना करणारा एक अभ्यास झाला होता, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात चावणाऱ्या गटात अंगणात साखळीला बांधून ठेवलेली कुत्री ठळकपणे जास्त निघाली. कारण समजायला अवघड नाही. पळून जायचा रस्ता साखळीने बंद केलाय, मग भीती वाटल्यावर उरतो तो दात. साखळीच्या टप्प्यात सगळ्यात सहज कोण जातं? लहान मूल. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

आता ऊन. कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणजे मुळातच आपल्याहून जास्त. त्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. शरीर गार करायचं त्याचं खरं साधन म्हणजे धापा टाकणं. हवाच तापलेली असेल तर धापा टाकून काही हाती लागत नाही. पत्र्याच्या केनेलमध्ये एप्रिलच्या दुपारी दोन वाजता हात घालून बघा, मिस्टरांनाही घालायला सांगा. खाली फरशी, तिन्ही बाजूंना पत्रा, वर पत्रा, पुढे जाळी आणि पाण्याचं स्टीलचं भांडं, ज्यातल्या पाण्याने चहा करावा. उष्माघाताच्या बहुतेक केसेस मी अशाच जागी पाहिल्या आहेत. जीभ जांभळट लाल, लाळ चिकट, हिरड्या विटेच्या रंगाच्या, गुदद्वारात थर्मामीटर घातला की पारा १०६ च्या पुढे. तिथून पुढे यकृत, मूत्रपिंड, आतडी, रक्त गोठण्याची यंत्रणा, एकेक करून हातची जायला लागतात. असं झालं तर बर्फ लावत बसू नका. साधं नळाचं पाणी पोटाला, जांघेत, बगलेत आणि तळव्यांना ओता, वर पंखा सोडा, आणि त्याच ओल्या अंगाने दवाखाना गाठा. जबरदस्तीने तोंडात पाणी ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. लॅबचे केस उन्हाळ्यात भादरून आणणारेही येतात; ते करू नका, तो दुहेरी कोट ऊन अडवतो. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींबद्दल तर प्रश्नच नको. त्यांना महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

पावसाळ्यात वेगळी यादी. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) येतो. कावीळ होते, मूत्रपिंडं जातात, आणि तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. लसीत लेप्टोचा समावेश आहे ना, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण पावसाळ्यात बाहेरच्या कुत्र्यांत मला सगळ्यात जास्त दिसतात त्या अळ्या. पट्ट्याखाली कातडं ओलं राहतं, खाजवून खरचटतं, त्यावर माशी अंडी घालते. केसांमुळे वरून काही दिसत नाही, फक्त वास येतो, गोडसर कुजका. मालक सांगतात, "दोन दिवस जरा मान वाकडी धरतोय." केस कापले की रुपयाएवढं भोक, आत हलणाऱ्या पांढऱ्या अळ्या, आणि ते भोक कातड्याखालून चार बोटं पुढे गेलेलं. घरात वावरणाऱ्या कुत्र्याला हे होतच नाही असं नाही, पण इतकं वाढेपर्यंत लपत नाही. कुणीतरी येता-जाता मानेवरून हात फिरवतंच. माझ्या मते कुत्रा घरात असण्याचा वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यात मोठा फायदा हाच आहे: त्याच्याकडे दिवसातून वीस वेळा बघितलं जातं. जेवण कमी केलं, लघवी लाल झाली, एक पाय उचलून चालला, हे त्याच दिवशी कळतं. केनेलमधल्या कुत्र्याचं भांडं सकाळी भरलेलं दिसतं, तेही कुणी पाहिलं तर. (आणि अशा जखमेत फिनाईल ओतू नका. अळ्या मरतील, पण जखम भाजेल, आणि ते चाटून कुत्रंही मरेल.)

गोचिडीबद्दल सासूबाई विचारतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. "कुत्रं घरात आलं की घरात गोचिड्या होतात." कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की खाली गळते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, केनेलच्या पत्र्याच्या जोडात जाऊन अंडी घालते, एकेक मादी काही हजार. पिल्लं निघाली की पुन्हा कुत्र्यावर. अळी, मधली अवस्था आणि प्रौढ, अशी तीनदा ती चढते आणि तीनदा उतरते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्याच, बाकी आजूबाजूला दबा धरून. कुणी न झाडणारं, न पुसणारं केनेल ही त्यांची आवडती जागा. कुत्रं बाहेर ठेवून गोचीड टळत नाही, उलट वाढते, आणि तिच्यासोबत बॅबेसिया आणि एर्लिकिया हे रक्तातले आजार येतात, ज्याला सगळे 'टिक फीवर' म्हणतात. लघवी काळ्या चहासारखी, हिरड्या पांढऱ्याफटक, कधी नाकातून रक्त. उपाय म्हणजे डॉक्टरांनी वजन बघून दिलेली महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी. गोठ्यातलं गाई-म्हशींचं गोचीड मारायचं औषध अंदाजाने फवारू नका. अशी विषबाधा झालेली पिल्लं दर उन्हाळ्यात येतात.

तुमच्या पत्त्यावरून आजूबाजूला ऊस असणार, म्हणून आणखी एक गोष्ट. जुन्नर-आंबेगावचं सगळे ऐकून आहेत, पण कराड-पाटणकडेही उसात बिबट्या नवा राहिलेला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. खाल्लेल्या मांसात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. रात्री गेटला बांधलेलं कुत्रं बिबट्याला हाक मारून बोलावतं आणि स्वतः पळू शकत नाही. एकदा तिथे खायला मिळालं की तो पुन्हा त्याच अंगणात येतो, आणि त्याच अंगणात संध्याकाळी मूलही खेळत असतं. वनखातं रात्री जनावरं बंदिस्त गोठ्यात ठेवा म्हणून सांगतं, ते कुत्र्यालाही लागू आहे.

पिल्लाचं म्हणाल तर पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लावणाऱ्या आजाराचा, विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चाललेले त्याच्या लसीचे डोस पिल्लू साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत पूर्ण करायचे असतात. तोवर भटक्या कुत्र्यांची ये-जा असलेल्या जागी त्याला सोडू नका. कंपाउंडच्या आतलं तुमचं अंगण चालेल. रेबीजची लस तीन महिन्यांना, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, मग दरवर्षी. जंताचं औषध आता सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी एकदा. मुलगी मातीत खेळते, तेव्हा पिल्लाची शी लगेच उचलायची, अंगणात मुरू द्यायची नाही. हे तीन नियम पाळले तर घरातल्या कुत्र्यापासून मुलीला जो धोका आहे तो अंगणातल्या कुत्र्यापेक्षा जास्त नाही. घरात कुणाला दमा किंवा अॅलर्जी असेल तर बेडरूम कुत्र्याला बंद ठेवा. त्रास केसांपेक्षा कोंड्याने आणि लाळेने होतो, त्यामुळे "कमी केस गळणारी जात" घेऊन तो प्रश्न सुटत नाही.

आता सासूबाई. त्यांचा आक्षेप मोडून काढायच्या भानगडीत पडू नका, तो सांभाळून घेता येतो. कुत्र्याला घरात घेणं म्हणजे घरभर मोकळं सोडणं नव्हे. स्वयंपाकघर आणि देवघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे तीन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत शिकतं. अट एकच, नियम सगळ्यांनी पाळायचा. दारात गुडघ्याएवढी फळी आडवी लावा. पिल्लू फळीशी थांबलं की तिथेच, उंबऱ्याच्या अलीकडे, खाऊ द्या. आत बोलावून कधीही काही द्यायचं नाही. पोळी लाटताना प्रेमाने फेकलेला एक तुकडा महिन्याभराचं शिक्षण पाण्यात घालतो, आणि अनुभव असा की तो तुकडा बहुतेक वेळा आक्षेप घेणाऱ्यांच्याच हातून पडतो. झोपायची जागा हॉलमध्ये, बाहेरच्या दाराजवळ. गोधडीची जाड घडी हवी, नुसती फरशी नको. व्हिट्रिफाइड टाइल्सवर लॅबचं पिल्लू घसरत वाढलं तर खुब्यांना त्रास होतो, तिथे सुताची सतरंजी टाका.

पहिले चार-सहा दिवस रात्री त्याच्याजवळ कुणीतरी हॉलमध्ये झोपा. शी-शूसाठी उठल्या उठल्या, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच अंगणात न्या, रोज त्याच कोपऱ्यात. तिथे केलं की तोंडभरून कौतुक. घरात झालं तर नाक घासायचं नाही, मारायचं नाही, गपचूप पुसायचं. अंगण असलेल्या घरात हे शिक्षण फ्लॅटपेक्षा फार लवकर होतं, त्या बाबतीत तुम्ही सुदैवी आहात.

एवढं वाचून कुणी फ्लॅटवाले खुश होणार असतील तर त्यांना दोन शब्द. नुसतं घरात ठेवणं हा काही पराक्रम नाही. पुण्यात एसी लावून ठेवलेले हस्की, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाल्कनीत बांधलेले बीगल, आणि चहा-बिस्किटं खाऊन पस्तीस-चाळीस किलोंवर गेलेले लॅब, हे सगळे कागदोपत्री घरातलेच. बाल्कनी ही माझ्या मते सगळ्यात वाईट जागा: ऊन बाहेरचं आणि कोंडमारा आतला. दिवसातून दोनदा, हुंगत हुंगत, कुत्र्याच्या गतीने फिरणं हे त्याचं वर्तमानपत्र आहे. ते बंद करू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कलम ११ मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा, आणि कायम बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हा.

मग बाहेर राहणारं कुत्रं सुखी असूच शकत नाही का? असतं की. शेतवस्तीवरची गावठी जोडी, लातूरकडचे मोकळे वाढलेले कारवानी जातीचे शिकारी कुत्रे, गोठ्यावर जिथे रात्री माणूस झोपतो तिथलं कुत्रं, यांना मी कधी "घरात घ्या" म्हणत नाही. त्यांना मोकळी जागा आहे, काम आहे, सोबत आहे, आणि ऊन-पाऊस लागला तर आडोशाला जायची मुभा आहे. तीही म्हातारपणी, सांधे धरल्यावर, थंडीत आत यायला हवीत. तुमच्या लॅबकडे यातलं फक्त मोकळं अंगण आहे. सोबत मागायला ते तुमच्याकडेच येणार.

केनेलची ऑर्डर दिलीच आहे तर ती वाया घालवू नका, फक्त बदलून घ्या. गेटजवळ नको, घराच्या भिंतीला लागून आणि झाडाच्या सावलीत. पत्र्याऐवजी विटांच्या भिंती आणि वर कौलं. पत्राच वापरायचा असेल तर खाली थर्माकोल आणि प्लायचा थर. जमिनीपासून अर्धा फूट वर ओटा. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते, तेव्हा तोंड पूर्वेला. पूर्ण वाढलेलं कुत्रं उभं राहून वळू शकेल एवढी जागा, त्याहून फार मोठी नको. पाण्याला स्टीलचं नको, सिमेंटचं जड भांडं. आणि वेल्डरला दाराची कडी बसवूच नका म्हणून सांगा. दुपारी त्याला वाटलं तर आत बसेल, नाही वाटलं तर व्हरांड्यात तुमच्या पायाशी येऊन पडेल.

दिवाळीचे चार दिवस मात्र संध्याकाळी सहापासूनच घरात घ्या, खिडक्या लावा आणि टीव्ही जरा मोठा ठेवा. फटाक्यांना घाबरून कंपाउंडवरून उडी मारून हरवलेल्या कुत्र्यांचे फोन आम्हाला त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त येतात. पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर आजच कोरून घ्या.